धुराचा चहा आणि अण्णांचं नाक

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी दातांच्या डॉक्टरांकडे बसले होते. त्या म्हणाल्या, चीनच्या काळ्या चहाच्या उगमावर आणि इतिहासावर तुम्ही लिहा, सोलापुरात तुमच्याशिवाय आहे कोण? मी म्हटलं, बाई, माझं माहेर मैंदर्गी आणि सासर सोलापूर. चीन सोडा, मी आसामसुद्धा पाहिलेला नाही. तीसहून जास्त वर्षं चहाच्या पोत्यांमध्ये बसून काढली, गुडघे कुरकुरायला लागले तसं दुकान पुतण्याच्या हवाली केलं. त्या म्हणाल्या, हो, पण सगळे तुमचंच नाव सांगतात.

हे सगळे कोण आणि ते माझंच नाव का सांगतात, हे एकदा कागदावर उतरवून मोकळं व्हावं म्हणून लिहायला बसले आहे. यात इतिहास येईल, पण आधी माझा वैताग येईल. तो मुरलेला आहे.

पहिला वैताग म्हणजे आमचा धंदा कुणाला कळत नाही. चहाचं दुकान म्हटलं की लोक येऊन पायरीवर बसतात आणि दोन हाफ सांगतात. आम्ही चहा पाजत नाही, सुटा चहा विकतो. त्यावर ते म्हणतात, म्हणजे पोत्यातून काढून पुडी बांधायची. इतकं सोपं असतं तर आमच्या घरात एवढी भांडणं झाली नसती. बारीक चुऱ्यानं रंग येतो, दाणेदार चहानं कडकपणा येतो आणि डोंगराकडच्या पानाच्या चहानं वास येतो. एकटा कुठलाच चालत नाही, तिन्हींचं मिश्रण करावं लागतं. त्यात प्रत्येक मळ्याचा माल वेगळा, एकाच मळ्याचा पावसाआधीचा वेगळा आणि नंतरचा वेगळा. गिऱ्हाइकाला मात्र बारा महिने तीच चव हवी असते. पोतं बदललं तरी चव बदलू द्यायची नाही, ही आमची विद्या.

त्यासाठी चाखावं लागतं. सारख्या वजनाचा चहा सारख्या कपांत घालायचा, उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकून ठेवायचं. मग आधी ओल्या पत्तीचा वास घ्यायचा आणि नंतर चमच्यानं मोठा भुरका मारायचा, म्हणजे चहा टाळूपर्यंत उडतो आणि वास आतून नाकात चढतो. मग बादलीत थुंकायचं. साखर नाही, आणि दूध शेवटच्या फेरीत. खरं काम जिभेचं नसतंच. जीभ कडू-गोड एवढंच सांगते, बाकी सगळं नाक सांगतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर आहे.

दुकान माझ्या सासऱ्यांचं. त्यांना घरीदारी सगळे अण्णाच म्हणत. घरात बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. माझे यजमान शाळामास्तर, चहातलं त्यांना साखरेपलीकडे काही कळत नसे. लग्नानंतर वर्षभरात मी एकदा सहज म्हटलं, की या पोत्याला अगरबत्तीचा वास लागलाय. अण्णांनी पोतं हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीत मला चाखायला शिकवू लागले. मागच्याच खोलीत, कारण लिंगायताच्या घरातली सून दर्शनी दुकानात बसून भुरके मारते आणि थुंकते, हे त्या पेठेत कुणाला पचलं नसतं. गादीवर अण्णा. गिऱ्हाइकांपुढे अण्णाच चाखणार आणि अण्णाच सांगणार, आणि त्यांनी ठरवलेलं मिश्रण मी पुन्हा चाखून पाहायची नाही.

चहा कुठलाही वास धरतो. म्हणून आमच्या दुकानात साबण नाही, मिरची नाही, धूप नाही, सकाळच्या पूजेला नुसतं निरांजन. गजरा माळून आलेल्या बायकांना अण्णा हात जोडून पायरीखाली उभं करत. आणि सगळ्यांत मोठं पाप म्हणजे धूर. मळ्यावर वाळवणीची भट्टी बिघडली की चहाला धूर लागतो. असं पोतं अण्णांनी पन्नास वर्षांत एकदाही दारातून आत घेतलं नाही.

अण्णा पंचाहत्तरीच्या पुढे गेले तेव्हा त्यांना एक मोठा ताप आला. महिनाभरानं ते दुकानात बसू लागले, आणि त्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. कुणी म्हणे चहा पोचट लागतो, कुणी म्हणे पहिल्यासारखा वास नाही. मी आतल्या दारातूनच वैतागून प्रत्येकाला पाण्याचं कारण सांगायची. सोलापूरला नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, ते तुम्ही टाकीत साठवता, त्या शिळ्या पाण्यात अमृत घातलं तरी पोचटच लागणार. एका प्राध्यापकांना तर मी टाकी घासायचा ब्रश घ्या म्हणून सांगितलं. ते परत आले नाहीत. त्यांचं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं, आणि तोवर माफी मागायची वेळ गेली होती.

मग एके दिवशी सकाळी नरसय्या आले. नरसय्या म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, टॉवेलचा कारखाना, घरी तेलुगू, बाहेर खणखणीत सोलापुरी. नवे माग घ्यायचे म्हणून ते चीनला जाऊन आले होते. माग बनवणाऱ्या मालकानं त्यांना निघताना चहाचा डबा भेट दिला होता. घरी उघडला तर बायको म्हणाली, हा जळका आहे. नरसय्यांचं डोकं फिरलं. त्यांचा हिशेब सरळ होता, जो माणूस पाहुण्याला जळका चहा देतो तो माग तरी धड देईल का? सौदा मोडायच्या तयारीनंच ते आमच्याकडे आले होते. पण यातलं एक अक्षर आधी न बोलता त्यांनी डबा अण्णांपुढे ठेवला आणि म्हणाले, कसा आहे सांगा.

मी आतल्या दारात उभी होते, गादीपासून सहा हात लांब. नरसय्यांनी झाकण काढलं आणि तिथपर्यंत धूर आला. चहाला लागलेला साधा धूर नव्हे, लग्नाच्या चुलाणावर ओली लाकडं घातल्यावर येतो तसा. अण्णांनी चिमूट घेतली, तळहातावर चोळली, नेहमीसारखी नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"चांगला हाय," ते म्हणाले. "स्वच्छ हाय."

सगळं एका क्षणात कळलं, ताप, तक्रारी, प्राध्यापक. अण्णांना वास येत नव्हता. वर्षभर ते आठवणीवर मिश्रण करत होते.

"अण्णा, धूर येतोय की," नरसय्या म्हणाले. "माझ्या बायकोला आला, मला येतोय. तुमाला न्हाय आला?"

अण्णांनी डोळे उघडले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर गादीजवळ जाऊन मी म्हणाले, "चीनचा काळा चहा असाच असतो, नरसय्या. धुरावरच वाळवतात तो. अण्णांना ठाऊक हाय, म्हणून तर स्वच्छ म्हणाले."

हे मी साफ बनवून सांगितलं होतं. मला चीनच्या चहाबद्दल ओ की ठो ठाऊक नव्हतं. अण्णांनी तोंड मिटलं. नरसय्यांनी माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि मोठा सुस्कारा टाकला. मग सौद्याची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, वहिनी, वाचवलंत, आजच पैसे पाठवतो. ते निघून गेले. आता माग खराब निघाले तर तेही माझ्याच डोक्यावर.

दुपारी मी कलकत्त्याच्या आमच्या दलालांना फोन केला आणि इकडचंतिकडचं बोलून विचारलं, की चीनमध्ये मुद्दाम धुरावर वाळवतात असा काही चहा असतो का? ते म्हणाले, असतो तर, सगळ्या काळ्या चहाचा तोच बाप. मी फोन ठेवला आणि तिथेच पोत्यावर बसले. माझी थाप खरी निघाली होती. खरं ठरल्याचं एवढं सुख मला कधी झालं नव्हतं, आणि त्या सुखानं जो त्रास दिला तो आजतागायत संपलेला नाही.

कारण नरसय्या गप्प बसणारे नव्हेत. आठ दिवसांत पेठभर झालं, की अण्णांनी नुसत्या चिमटीवरून चीनचा चहा ओळखला आणि त्यांच्या सुनेला त्याचा सगळा इतिहास पाठ आहे. मग लोक येऊ लागले. एकाला वजन उतरवायला चीनचा चहा हवा होता. एक गृहस्थ काळ्या चहाचं झाड वेगळं असतं म्हणून माझ्याशी तासभर भांडले. मोबाइलवर तर रोज तेच, कुणी राजा झाडाखाली बसला, त्याच्या गरम पाण्यात पान पडलं आणि काळा चहा जन्मला. अहो, ती चहाची गोष्ट, काळ्या चहाची नव्हे, हे मी शंभर वेळा लिहिलं. त्यावर हात जोडल्याचं चित्र येतं आणि दुसऱ्या दिवशी तोच राजा परत. महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं आणि संपल्यावर विचारलं, यात आलं किती घालायचं?

भाषणापुरतं तरी वाचणं भाग होतं. वाचलं ते थोडक्यात सांगते, संपादकबाईंचं समाधान होऊ दे. झाड एकच. पान खुडल्यावर लगेच कढईत परतलं तर हिरवं राहतं, तो हिरवा चहा. चोळून तसंच ठेवलं तर चिरलेल्या वांग्यासारखं काळं पडतं, तो काळा चहा. त्याचा रंग कपात लाल येतो म्हणून चिनी माणसं त्याला लाल चहा म्हणतात. फुजियान प्रांतात वुई नावाचे डोंगर आहेत. तिथल्या एका गावाची कथा अशी सांगतात, की तीन-चारशे वर्षांपूर्वी ऐन हंगामात सैनिकांची तुकडी येऊन राहिली आणि खुडलेल्या पानांवरच पसरली. सैनिक गेले तेव्हा पानं काळी पडून नासली होती. टाकवत नव्हती, म्हणून गावकऱ्यांनी पाइनची लाकडं पेटवून घाईघाईनं ती धुरावर वाळवली आणि लांबच्या बंदरावर, ज्यांना चहातलं कळत नाही अशा परदेशी व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारली. पुढल्या वर्षी ते व्यापारी परत आले आणि तोच नासका चहा द्या म्हणून जास्त भाव देऊ लागले.

कथा घडली तशी की मागाहून रचलेली, याचा धड पुरावा नाही. पण पुढचं खरं आहे. काळा चहा महिनोन् महिने जहाजात टिकायचा, हिरवा तितका टिकायचा नाही. इंग्रजांना त्याचं व्यसन लागलं, चांदी संपायला लागली, तशी त्यांनी चीनला आपल्याकडची अफू विकायला सुरुवात केली. मग रोपं आणि कारागीर चीनमधून पळवून आपल्या डोंगरांत आणले. आसामच्या जंगलात चहाचं स्वतःचं झाड आधीपासून होतं, तिथल्या लोकांना ते माहीतही होतं, साहेबाला उशिरा दिसलं. तिथे यंत्रानं चुरा करून दाणे पाडायला लागले, आणि ते दाणे पोत्यात बसून आमच्या दुकानात आले. तुमच्या सकाळच्या कपातला चहा त्या नासक्या ढिगाच्याच वंशातला आहे. एवढं सगळं सांगितल्यावर मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, म्हणजे आपण इतकी वर्षं नासका चहा पितोय? मी भाषण तिथेच आटोपतं घेतलं.

दुकानात मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची चालली होती. अण्णांशी मी त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नाही, तेही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत सगळे नमुने चाखले आणि कप ताटात मांडताना उत्तम डावीकडे, टाकाऊ उजवीकडे असे ओळीनं लावून गादीवर नेले. अण्णांनी ओळीकडे पाहिलं, एकेक भुरका मारला आणि बरोबर त्याच क्रमानं माल सांगितला. बस, तीच रीत झाली. चव सुधारली, तक्रारी थांबल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, अण्णा, ह्या वयात काय नाक आहे. अण्णा मान खाली घालत. मला वाटायचं, विनय आहे. अशी दोन वर्षं गेली, आणि मी त्यांची अब्रू राखते आहे या अभिमानात होते.

मग परवान्यांत आणि बंदरात अडकलेले नरसय्यांचे माग एकदाचे आले, आणि ते बसवायला चीनहून एक कारागीर आला. चाळिशीचा, हसरा. त्याचं नाव नरसय्यांच्या तोंडी बसेना, म्हणून कारखान्यात सगळे त्याला लिंगप्पा म्हणत आणि तो ओ द्यायचा. एका सकाळी नरसय्या त्याला घेऊन आमच्याकडे आले. लिंगप्पा मोबाइलमध्ये त्याच्या भाषेत बोलायचा आणि मोबाइल आम्हाला हिंदीत सांगायचा. त्यानं सोबत धुराच्या चहाचा एक पुडा आणला होता, त्याच्या आजोळचा. त्याचं आजोळ त्या वुई डोंगराच्या पायथ्याचं निघालं. मोबाइल म्हणाला, सैनिक चाय पर सो गए थे. मी म्हटलं, माहीत आहे बाबा, मला सगळं माहीत आहे.

लिंगप्पानं आमच्याच कपात चहा केला. मग विचारलं, इथे इतक्या लांब हा चहा कुणी ओळखला? नरसय्यांनी मोठ्या अभिमानानं अण्णांकडे बोट केलं. तो माणूस उठला, कप दोन्ही हातांत धरला आणि वाकून अण्णांना दिला. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळे अण्णांकडे बघत राहिले. अण्णांनी कप घेतला, तोंडाशी नेला नाही.

"मला वास येत न्हाय," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. मी काय बी ओळखलं न्हाय. ही ओळखती, माझी सून. आपल्या दुकानाचं नाक हीच हाय."

मोबाइलनं लिंगप्पाला काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानं अण्णांना पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला, पहिल्यापेक्षा खाली. अण्णा भिंतीला धरून गादीवरून उठले आणि मला म्हणाले, बस. मी बसले. पेठेनं नंतर काय चर्चा केली ती केली. मिश्रण बिघडलं नाही म्हटल्यावर महिनाभरात सगळ्यांनी पचवलं.

दुपारी घरी जेवताना मी त्यांना म्हटलं, की अण्णा, हे असं चारचौघांत सांगायची काय गरज होती? मी होते ना. अण्णांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"अगं गिरिजव्वा, पहिल्या दिवशी नरसय्यानं धूर म्हटलं, तवाच मी सांगणार हुतो. तोंडात शब्द आला हुता. तू मधीच बोललीस."

मला भयंकर राग आला. मी म्हटलं, मग दोन वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं.

"तू कप इतके नीट मांडत हुतीस," ते म्हणाले. "मोडायचं जिवावर आलं."

मी समजत होते, की मी त्यांना पडता पडता सावरलं. त्यांना स्वतःहून उठायचं होतं, आणि मी दोन वर्षं हात धरून खाली बसवून ठेवलं होतं. प्राध्यापकांना ब्रश घ्यायला सांगितलं, त्याहून मोठी चूक ही होती आणि ती मी प्रेमानं केली होती. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

अण्णा पुढे तीन वर्षं होते, घरीच. चहात चार चमचे साखर घालून घ्यायचे, म्हणायचे, एवढंच कळतं आता. संध्याकाळी मी आले की विचारायचे, आज नवा माल कसा होता? मी थकून ठीक म्हटलं की चिडायचे. "ठीक म्हंजे काय? मी तुला ठीक म्हणून शिकवलं का?" मग मला पायसुद्धा न धुता एकेका कपाचा वास सांगावा लागे. वासाला शब्द नसतात हे मला तेव्हा कळलं. भाजल्यासारखा, ओल्या गवतासारखा, गुळाच्या काहिलीसारखा, म्हणून म्हणून किती म्हणणार? ते म्हणायचे, तसा न्हाय, नीट सांग.

शेवटच्या आजारपणात एका सकाळी त्यांनी लिंगप्पाचा चहा मागितला. पुड्यात तळाशी दोन चमचे उरले होते. मी बिनसाखरेचा करून दिला. त्यांनी कप छातीवर धरला, वाफ तोंडावर घेतली आणि म्हणाले, सांग. मी सांगितलं. आधी ओल्या लाकडाचा धूर येतो, पण चुलीसारखा डोळ्यांत जाणारा नाही. त्याच्या मागे डिंकाचा वास आहे, नुकत्याच तासलेल्या फळीला असतो तसा. तो ओसरला की अगदी खाली गोडसर काहीतरी आहे, बेदाण्याचा डबा उघडल्यासारखं. पाइनचं झाड मी पाहिलेलं नाही, अण्णा, त्यामुळे त्याच्यापुढे मला सांगता येत नाही.

अण्णांनी डोळे मिटून वाफ पुन्हा एकदा ओढून घेतली. मग कन्नडमध्ये म्हणाले, "बंतु." वास आला.

तो आला नव्हता. मला चांगलं ठाऊक होतं, आणि मी या वेळी मध्ये बोलले नाही.